करवंटीच्या कोळशाची बॅटरी

नारळाची करवंटी, कपाशीची पऱ्हाटी, तुराटी, भाताचा तूस यांपासून बॅटरी होते, अशी बातमी आता खेड्यापाड्यांतही पोचली आहे. बातमी खोटी नाही. परंतु 'भट्टी घाला आणि पैसा मिळवा' असे सांगणारी माणसेही अशा बातमीच्या मागोमाग येतात. तेव्हा त्यात आपल्या हाती काय लागेल ते आधी पाहू.

मोबाईलमधली बॅटरी लिथियमची असते. हा धातू थोड्याच देशांत निघतो. सोडियम मात्र आपल्या जेवणातल्या मिठात आहे, म्हणून त्याची बॅटरी करण्याची खटपट जगभर चालली आहे. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये आपले तंत्र जाहीर केले. ही बॅटरी तेवढ्याच विजेला लिथियमपेक्षा जड भरते. पण घरात एका जागी ठेवायची असेल तर वजनाचे ते काय!

लिथियमच्या बॅटरीत ऋण टोकाला ग्रॅफाइट घालतात. त्याचे थर भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक बसलेले असतात. त्यांत लिथियम शिरते, सोडियमला मात्र तिथे नीट जागा मिळत नाही. कॅनडातील स्टीव्हन्स व डान या शास्त्रज्ञांनी २००० साली ग्लुकोज भाजून केलेला कोळसा वापरून पाहिला. त्याचे थर काटक्यांच्या ढिगासारखे वेडेवाकडे, आणि मधल्या फटींत सोडियम बसले. या कोळशाला हार्ड कार्बन म्हणतात. तो करवंटीपासून होतो, तसाच पऱ्हाटीपासूनही.

मात्र खड्ड्यात केलेला कोळसा म्हणजे हार्ड कार्बन नव्हे. तो आम्लाने धुऊन राखेचा अंश काढावा लागतो आणि नायट्रोजन किंवा आर्गॉन वायूत, हवा लागू न देता, १२०० ते १४०० अंश सेल्सिअसला तापवावा लागतो. विटांची भट्टीसुद्धा इतकी तापत नाही. पुढे त्याची अतिबारीक पूड करायची. हे काम कारखान्याचे आहे, परसातले नव्हे. कुणी घरगुती भट्टीसाठी आगाऊ पैसे मागितले तर देऊ नयेत.

माल कोणता चांगला, हे आपल्या घरच्या बाईमाणसाला चुलीपाशीच कळते. करवंटी जाळली तर राख चिमूटभर उरते, तूस जाळला तर ढीगभर. तुसाच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा राख असतो आणि तिच्यात मुख्यतः सिलिका. म्हणूनच तिने भांडी लख्ख निघतात! ही सिलिका साध्या आम्लाने सुटत नाही, कॉस्टिक सोडा लागतो, म्हणजे खर्च वाढला. त्यामुळे माझ्या मते करवंटीचा मान पहिला आणि तुसाचा शेवटचा. कोकणातल्या मंडळींनी करवंट्या माती न लागू देता कोरड्या साठवाव्यात. त्यांच्या कोळशाला सक्रिय कार्बनच्या धंद्यात आजही मागणी असते. मात्र १०० किलो करवंटीचा कोळसा साधारण ३० किलोच भरतो, हे भाव ठरवताना विसरू नये.

पऱ्हाटीचे गणित निराळे. ती रानाबाहेर गेली की तिच्यातले पालाशही गेले; यंत्राने बारीक करून कुजवली तर ते जमिनीत राहते. शिवाय गिऱ्हाईक येईल या आशेने पऱ्हाटीच्या गंजी बांधावर ठेवणे फार घातक आहे. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत सुप्त राहून पुढच्या हंगामात पुन्हा उठते. विकायची असेल तर शेवटच्या वेचणीनंतर लगेच उपटून गाडीत भरावी. गाडी आली नाही तर यंत्रात घालावी.