चेतकवर मनोर ते तारापूर

स्कूटर मेळाव्यासाठी आम्ही चौघे मित्र जुन्या बजाज चेतक घेऊन निघालो. मनोरला महामार्ग सोडला आणि पालघर, बोईसर करत तारापूरचा किल्ला गाठला. १९६९ पासून वीज देणारं देशातलं पहिलं अणुवीज केंद्र इथून जवळच.

चेतक १९७२ मध्ये आली. इंजिन टू-स्ट्रोक, म्हणून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, लिटरला साधारण २० मिली. ते विसरलात तर पिस्टन जाम! इंजिन उजवीकडे, त्यामुळे वजनही तिकडेच. नवख्यांनी सांभाळून चालवावी. मला सर्वांत आवडते ती स्टेपनी. दोन्ही चाकं एकाच मापाची, त्यामुळे ती पुढे-मागे कुठेही बसते. बोईसरच्या अलीकडे पंक्चर झालं, चाक बदललं, लगेच निघालो. फार शहाणी रचना आहे ही.

लांब निघण्याआधी स्टेपनीतली हवा मात्र नक्की तपासा.