काठीचं धनुष्य होतं तेव्हा

धनुष्यबाण तुम्ही कधी ना कधी केला असेलच. हिरवी फांदी तोडायची, वाकवायची, सुतळी बांधायची आणि खराट्याच्या काडीचा बाण करायचा! पहिल्या दिवशी बाण अंगण ओलांडून जातो. दुसऱ्या दिवशी अंगणातच पडतो. तिसऱ्या दिवशी सुतळी सैल होऊन लोंबते आणि फांदी मात्र वाकडी ती वाकडीच राहते. असं का होतं? खऱ्या धनुष्यात असं काय असतं, जे आपल्या धनुष्यात नसतं?

उत्तर शोधायला चामोर्शीला जाऊ या. गडचिरोलीहून आष्टीकडे जाणाऱ्या एस. टी.त बसलात की चामोर्शी लागतं. एका अंगाला वैनगंगा, धानाच्या बांध्या आणि नदीकाठची मार्कंड्याची जुनी देवळं. दुसऱ्या अंगाला घोटच्या दिशेनं निघालात की जंगल सुरू होतं. साग, ऐन, मोह, तेंदू आणि बांबूच बांबू! हा गोंडांचा मुलूख. मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी १८५८ साली गोंड तरुणांची फौज उभी करून इंग्रजांशी लढा दिला, तो याच भागात. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आलं. या मुलखात धनुष्य हे खेळणं नव्हतं. घराची राखण आणि पोटाची सोय त्याच्यावर असे.

झाड कोणतं निवडायचं?

मध्य भारतातल्या जंगलांत बांबूचा कमठा सगळ्यांत जास्त चालतो. कमठा म्हणजे धनुष्य. गंमत म्हणजे त्याची दोरीही पुष्कळदा बांबूचीच असते! बांबूच्या भिंतीत बाहेरच्या बाजूला तंतू सगळ्यांत दाट असतात. तिथली लांब, पातळ पट्टी काढली की ती ताणाला चिवट ठरते.

आणि लाकडाचं धनुष्य करायचं असेल तर? तर धामण! या झाडाचं संस्कृत नावच 'धनुर्वृक्ष' आहे. म्हणजे हे लाकूड कशाच्या कामाचं, ते नाव ठेवणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. धामणीचं लाकूड चिवट आणि लवचीक. म्हणून कुऱ्हाडीचे दांडेही त्याचे करतात. तिच्या सालीच्या वाखाचे दोर वळतात आणि तिची छोटी फळं मुलं आवडीनं खातात.

रोप निवडायचं ते मनगटाएवढं जाड, सरळ आणि तुमच्या उंचीपेक्षा वीतभर लांब. गाठी जितक्या कमी तितकं बरं. साल नीट बघा. सालीवरच्या रेघा खोडाभोवती पीळ घेत गेल्या असतील, तर आतलं लाकूडही पिळाचंच असतं. ते सोडून द्यायचं.

घाई नको!

आता तुमच्या सुट्टीतल्या धनुष्याचं काय बिघडलं ते सांगतो. ते ओलं होतं! ओल्या लाकडात पाणी भरलेलं असतं. ते वाकतं, पण पुरतं परत फिरत नाही. म्हणून तोडलेली काठी लगेच वाकवायची नाही. तिच्या दोन्ही टोकांना मेण लावायचं, नाहीतर टोकं आधी सुकतात आणि चिरतात. मग काही महिने ती सावलीत, वारा लागेल अशी आडवी ठेवायची. उन्हात ठेवलीत तर तडकलीच म्हणून समजा.

काठी सुकली की तासायचं काम. इथे वडीलधाऱ्यांना सोबत घ्या बरं का. धारदार हत्यार आहे. धनुष्याला पाठ असते आणि पोट असतं. तुम्ही नेम धरता तेव्हा जी बाजू पुढे असते ती पाठ, आणि तुमच्याकडे असते ते पोट. नियम एकच, पण कडक: साल काढल्यावर पाठीला हत्यार लावायचं नाही. लाकूड काढायचं ते फक्त पोटाकडून आणि कडेनं.

का बरं? धनुष्य वाकलं की पाठीचे तंतू ताणले जातात आणि पोटाचे दाबले जातात. पाठीवरचा एक तंतू जरी मधेच कापला गेला, तरी ताण तिथे जमा होतो, एक ढलपी उचलली जाते आणि 'कडाक्' असा आवाज येतो. तेवढ्या महिन्यांची मेहनत एका क्षणात संपते.

मधे मुठीची जागा जाड ठेवायची आणि दोन्ही टोकांकडे हळूहळू निमुळतं करत जायचं. मग काठी भिंतीतल्या खुंटीवर मधोमध आडवी टेकवायची. टोकांना सैल दोरी बांधून ती खाली चार बोटंच ओढायची आणि दूर उभं राहून बघायचं. दोन्ही बाहू सारखे वाकतात का? एक बाजू ताठ राहिली तर तिचं पोट थोडं खरवडायचं. पुन्हा ओढायचं, पुन्हा बघायचं. असं कितीतरी वेळा! धनुष्य बनतं ते इथे.

शेवटी टोकांना खाचा पाडायच्या आणि दोरी चढवायची. मूठ दोरीकडे धरून अंगठा उभा केला, तर तो दोरीला जेमतेम टेकावा. लाकडाला तेल चोळलं की झालं.

पट्टीचा प्रयोग

थोडं जास्त खरवडलं तर एवढं काय बिघडतं? कंपासपेटीतली पट्टी घ्या. आडवी धरून वाकवा, सहज वाकेल. आता तीच कडेवर उभी धरून वाकवा. हलतसुद्धा नाही! पट्टी तीच, पण वाकण्याच्या दिशेनं तिची जाडी बदलली.

याचा हिशेब असा आहे: जाडी निम्मी झाली तर ताठपणा निम्मा होत नाही, आठवा हिस्सा उरतो. २० मिलिमीटर जाडीच्या बाहूतून २ मिलिमीटर काढलेत, तर त्याचा पाव हिस्स्याहून जास्त ताठपणा गेला. आणि काढलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही! म्हणूनच जाणता कारागीर एकदा खरवडतो आणि तीनदा बघतो.

हिममानवाचं अर्धं धनुष्य

आता एक खरी गोष्ट. १९९१ साली इटली आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवर आल्प्स पर्वतात बर्फातून एका माणसाचं शरीर सापडलं. सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचं! त्याला ओत्झी असं नाव पडलं. त्याच्याजवळ यू नावाच्या झाडाचं १.८२ मीटर लांबीचं धनुष्य होतं. पण ते अर्धवट होतं. कुऱ्हाडीनं तासल्याच्या खुणा अजून त्यावर दिसतात. चौदा बाणांपैकी फक्त दोनच पुरे झालेले होते. पुढे २००१ साली त्याच्या डाव्या खांद्यात बाणाचं गारगोटीचं टोक रुतलेलं आढळलं. ज्याचं स्वतःचं धनुष्य तयार नव्हतं, तो दुसऱ्याच्या बाणानं मेला होता.

आता आपला जीव धनुष्यावर अवलंबून नाही. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे दोघंही कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात जगज्जेते झाले. अंतिम फेरीत ओजसचे गुण होते १५० पैकी १५०! त्यांच्या धनुष्याला चाकं आणि धातूचे भाग असतात. पण बाहू वाकतो, ताकद साठवतो आणि क्षणात बाणाला देतो, हे काम कमठ्यातही तेच आणि तिथेही तेच.

तोडण्याआधी विचारा

धनुष्य करायचं म्हणजे एक रोप तोडायचं. ते कोणाचं? १९२७ च्या वन कायद्यात बांबूसुद्धा 'झाड' ठरला होता आणि जंगलातल्या माणसाला तो तोडायची मोकळीक नव्हती. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबू गौण वनोपज ठरला. याच जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं २००९ साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ पासून गाव आपला बांबू स्वतः विकू लागलं. तेव्हा जंगलातली काठी हवी असेल तर आधी ग्रामसभेला विचारा. आणि शिकार १९७२ च्या कायद्यानं बंद आहे, हे विसरू नका. तुमचं लक्ष्य म्हणजे गवताचा भारा. पाखरू नाही, कुत्रं नाही आणि हवेत तर मुळीच नाही. बाण न लावता दोरी ताणून सोडूही नका. ती ताकद बाणाला न मिळता धनुष्यालाच बसते आणि ते मोडतं.

अजून एक काम आहे. शिकार थांबली ते चांगलंच झालं, पण तिच्याबरोबर धनुष्य करणारे हातही कमी झाले. कोणतं झाड चिवट, कोणतं ठिसूळ, कोणत्या सालीचा दोर टिकतो, हे पुष्कळदा कुठल्याच पुस्तकात नसतं. ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांना माहीत असतं. या सुट्टीत आजोबांजवळ, शेजारच्या काकांजवळ वही घेऊन बसा. झाडाचं नाव त्यांच्या बोलीत लिहून घ्या, गोंडीत असेल तर गोंडीत. काठी सुकायला तसेही काही महिने लागणारच आहेत. तोवर वही भरेल.