पाकिटातल्या नूडल्स आणि शेतातले सोले

[झटपट नूडल्स कशा तयार होतात, त्यांत काय असते व काय कमी असते आणि आपल्या शेतातल्या धान्यांची व भाज्यांची जोड देऊन त्यांपासून घरातल्या सर्वांसाठी सकस जेवण कसे करता येते, हे या पाठात सांगितले आहे.]

मुलांनो, दसरा-दिवाळीच्या सुमारास यवतमाळ जिल्ह्यात कापसाची वेचणी सुरू होते. पुसद, दिग्रस, दारव्हा, वणी, कोणत्याही तालुक्यात जा. सकाळी लवकर शेतात गेलेल्या स्त्रिया दिवेलागणीला घरी परततात. दिवसभर वाकून काम केल्यावर पुन्हा चुलीपुढे बसणे सोपे नसते. शहरात नोकरी किंवा शिलाईकाम करणाऱ्या आईचेही असेच होते. अशा वेळी मुले दुकानातून नूडल्सचे पाकीट आणतात. पाणी उकळले, नूडल्स टाकल्या, मसाल्याची पुडी फोडली की झाले जेवण! पोट भरते, पण पोट भरणे आणि शरीराचे पोषण होणे या गोष्टी एकच आहेत का? चला, ते आपण पाहू.

नूडल्स म्हणजे काय?

उन्हाळ्यात अनेक घरी गव्हाच्या शेवया करून वाळवतात. रमजान ईदला शेवयांचाच शीरखुर्मा होतो. नूडल्स हा या शेवयांच्याच नात्यातला पदार्थ आहे. फरक आहे तो तयार करण्याच्या रीतीत.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये अन्नाची मोठी टंचाई होती. लोकांना घरच्या घरी चटकन तयार करता येईल असे अन्न मिळावे, म्हणून मोमोफुकु आंदो या गृहस्थांनी पुष्कळ प्रयोग केले. १९५८ साली त्यांना यश आले. त्यांनी नूडल्स आधी वाफेवर शिजवल्या आणि मग गरम तेलात तळल्या. तळताना नूडल्समधले पाणी वाफ होऊन निघून गेले आणि त्या जागी बारीक बारीक छिद्रे राहिली. अशा नूडल्स उकळत्या पाण्यात टाकल्या की पाणी त्या छिद्रांतून आत शिरते आणि त्या लगेच मऊ होतात. म्हणजे पाकिटातल्या नूडल्स आधीच शिजलेल्या असतात. आपण त्यांना फक्त पाणी परत देतो.

भारतात १९८०च्या दशकात मॅगी नूडल्स बाजारात आल्या. पण मॅगी हे नाव त्याहून पुष्कळ जुने आहे. ज्यूलिअस मॅगी हे स्वित्झर्लंडमधले एक गिरणीमालक होते. तिथे कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांना स्वयंपाकाला वेळ मिळत नसे. त्यामुळे त्यांच्या कुटुंबांचे पोषण नीट होत नसे. त्यांच्यासाठी ज्यूलिअस मॅगी यांनी १८८०च्या दशकात कडधान्यांच्या पिठापासून झटपट सूप तयार केले. आहे की नाही गंमत! वेळ वाचवण्याची त्यांची युक्ती मैद्याची नव्हती, डाळीच्या पिठाची होती. ही गोष्ट लक्षात ठेवा. तिचा आपल्याला पुढे उपयोग होणार आहे.

पाकीट वाचायला शिका

पाकिटावर घटकांची यादी छापलेली असते. जो घटक वजनाने सर्वांत जास्त, त्याचे नाव सर्वांत आधी लिहिलेले असते. बहुतेक नूडल्सच्या पाकिटांवर पहिले नाव मैद्याचे असते. त्यानंतर अनेकदा पामतेल येते. मैदा करताना गव्हाचा कोंडा काढून टाकतात. कोंड्याबरोबर तंतू, लोह आणि काही जीवनसत्त्वेही जातात.

७० ग्रॅमच्या एका पाकिटातून साधारणपणे ३०० कॅलरी ऊर्जा आणि सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. ऊर्जा बरीच मिळते. पण शरीराची वाढ आणि झीज भरून काढण्यासाठी लागणारी प्रथिने थोडीच मिळतात.

आता मिठाचे गणित करू. पाकिटावर मिठाऐवजी सोडियमचा आकडा दिलेला असतो. त्याला अडीचने गुणले की मिठाचा आकडा मिळतो. समजा, एका पाकिटात ७०० मिलिग्रॅम सोडियम आहे. ७०० गुणिले २.५ म्हणजे १७५० मिलिग्रॅम, अर्थात पावणेदोन ग्रॅम मीठ झाले. मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे दिवसातले एकतृतीयांशाहून अधिक मीठ एकाच पाकिटात संपले! रोज जास्त मीठ खाल्ल्याने पुढे रक्तदाब वाढण्याचा धोका असतो. या मिठाचा मोठा भाग मसाल्याच्या पुडीत असतो. म्हणून पुडी किती वापरायची, हे आपल्याच हातात आहे.

कमी काय आहे?

नूडल्समध्ये तीन गोष्टींची उणीव असते : प्रथिने, तंतू आणि लोह. लोह कमी पडले की रक्तक्षय होतो. मग दम लागतो, थकवा येतो, अभ्यासात लक्ष लागत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. म्हणजे शंभरातल्या निम्म्याहून अधिक! म्हणूनच रात्रीचे जेवण ही क्षुल्लक गोष्ट नाही. घरातल्या आईच्या, बहिणीच्या आणि तुमच्याही आरोग्याचा तो प्रश्न आहे.

ही उणीव भरून काढण्यासाठी महाग वस्तू आणाव्या लागत नाहीत. आपल्या जिल्ह्याच्या शेतांत काय पिकते ते आठवा. कापसाबरोबर इथे सोयाबीन, तूर आणि हरभरा पिकतो. सोयाबीनच्या वड्यांच्या वजनापैकी जवळजवळ निम्मी प्रथिने असतात. हिवाळ्यात तुरीच्या हिरव्या शेंगा येतात. त्यांतल्या कोवळ्या दाण्यांना आपण सोले म्हणतो. सोल्यांची भाजी आणि सोलेभात तुम्ही आवडीने खाता. तेच सोले नूडल्समध्येही छान लागतात. आठवडी बाजारात मेथी, पालक, गाजर, कोबी आणि टमाटे मिळतात. कोथिंबीर, म्हणजे आपला सांभार, तर हवाच.

गहू आणि डाळ एकत्र खाण्यात आणखी एक फायदा आहे. गव्हाच्या प्रथिनांत जो भाग कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. दोन्ही मिळून एकमेकांची उणीव भरून काढतात.

चार माणसांसाठी कृती

साहित्य : नूडल्सची २ पाकिटे, सोयाबीनच्या वड्या वाटीभर (सुमारे ५० ग्रॅम), उकडलेले सोले १ वाटी, चिरलेले गाजर व कोबी २ वाट्या, धुऊन चिरलेली मेथी किंवा पालक २ वाट्या, १ कांदा, २ टमाटे, लसणाच्या ४ पाकळ्या, जिरे, हळद, थोडे तेल, २ अंडी, १ लिंबू आणि सांभार.

१. सोयाबीनच्या वड्या गरम पाण्यात पंधरा मिनिटे भिजवा. मग त्या पिळून घ्या. मोठ्या असतील तर त्यांचे तुकडे करा.

२. कढईत थोड्या तेलावर जिरे, लसूण आणि कांदा परता. हळद आणि टमाटे घाला. मग वड्या, सोले, गाजर व कोबी घालून झाकण ठेवा आणि एक वाफ येऊ द्या.

३. तीन ते चार पेले पाणी घालून उकळी आणा. त्यात नूडल्स टाका. मसाल्याची एकच पुडी वापरा. दुसरी बाजूला ठेवा. वरून मीठ घालू नका.

४. नूडल्स मऊ होत आल्या की अंडी फोडून घाला आणि चांगली शिजेपर्यंत ढवळा. अंडी खात नसाल तर मूठभर भाजलेले शेंगदाणे घाला.

५. पालेभाजी सर्वांत शेवटी घाला आणि दोन मिनिटांनी कढई उतरवा. वरून सांभार घालून लिंबू पिळा.

लिंबू केवळ चवीसाठी नाही. त्यातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे भाजीतले आणि डाळीतले लोह शरीरात अधिक चांगले शोषले जाते. चहामुळे मात्र हे शोषण कमी होते. म्हणून जेवणाबरोबर किंवा जेवल्याबरोबर चहा पिऊ नका.

आता हिशेब पाहा. दोन पाकिटांतून सुमारे १२, वड्यांतून २५ आणि दोन अंड्यांतून १२ ग्रॅम, अशी सुमारे ४९ ग्रॅम प्रथिने झाली. प्रत्येकाच्या वाट्याला १२ ग्रॅम आली. सोल्यांतली प्रथिने वेगळीच. नुसते एक अख्खे पाकीट खाल्ले असते तर सहाच ग्रॅम मिळाली असती! शिवाय प्रत्येकाच्या पोटात पालेभाजी गेली आणि मीठही कमी गेले.

जुनीच रीत, नवे रूप

सोल्यांचा हंगाम संपला तर भिजवून उकडलेला हरभरा किंवा बरबटी वापरा. सकाळचे तुरीचे वरण उरले असेल तर त्यात पाणी घालून उकळा आणि त्यातच नूडल्स शिजवा. हे ऐकून नवल वाटते का? पण विदर्भात वरणफळे करतात, तेव्हा गव्हाच्या कणकेचे तुकडे वरणातच शिजवतात. मुहर्रमच्या दिवसांत होणाऱ्या खिचड्यातही गहू आणि डाळी एकाच भांड्यात शिजतात. धान्याला डाळीची जोड द्यावी, हे आपल्या घरातल्या जुन्या माणसांना पुस्तकाशिवाय ठाऊक होते. ज्यूलिअस मॅगी यांनीही डाळीचीच वाट धरली होती.

काही गोष्टी मात्र नक्की पाळा. पाकिटावरची मुदतीची तारीख पाहा. कोरड्या नूडल्सवर मसाला टाकून त्या तशाच खाऊ नका. नूडल्स रोज खाऊ नका. ज्वारीची भाकरी, वरण आणि भाजी यांची जागा त्यांना देऊ नका.

आणि हो, हे काम एकट्या मुलींचे आहे असे समजू नका. भाजी निवडणे, सोले सोलणे, वड्या भिजवणे ही कामे मुलेही करू शकतात. चुलीजवळचे काम मोठ्यांच्या देखरेखीखाली करा. सर्वांचे हात लागले तर अर्ध्या तासात सकस जेवण तयार होते. पाकीट आपला वेळ वाचवते. त्या वाचलेल्या वेळातली दहा मिनिटे भाजी आणि डाळीला द्या, म्हणजे घरातल्या प्रत्येकाच्या ताटात पोषण येईल.

शब्दार्थ

सकस – शरीराला पोषक. दिवेलागण – संध्याकाळी दिवे लावण्याची वेळ. टंचाई – कमतरता. क्षुल्लक – अगदी लहान, किरकोळ. उणीव – कमीपणा. हंगाम – पिकाचा काळ

स्वाध्याय

१. पाकिटातल्या नूडल्स लवकर का शिजतात?

२. नूडल्सना डाळीची व पालेभाजीची जोड का द्यावी?

३. नूडल्सच्या एखाद्या पाकिटावरचा सोडियमचा आकडा पाहा आणि त्यावरून मिठाचे प्रमाण काढा.

४. तुमच्या घरी गहू आणि डाळ एकत्र शिजवून कोणते पदार्थ करतात? आजीला किंवा आईला विचारून एका पदार्थाची कृती मराठीत लिहा.