शंकरपटातील गाडीचे नियंत्रण

शंकरपट ही पूर्व विदर्भातील बैलगाड्यांची पारंपरिक शर्यत असून ती नुसती 'पट' म्हणूनही ओळखली जाते. नागपूर जिल्ह्यातील रामटेक, मौदा या धानाच्या तालुक्यांपासून भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोलीपर्यंतच्या प्रदेशात धानकापणी झाल्यावर, हिवाळ्यात, पट भरतात. दोन बैलांची जोडी हलका छकडा घेऊन सरळ धावपट्टीवर धावते. गाडी हाकणाऱ्यास धुरकरी म्हणतात.

दिशा व तोल

मोटारीत, अगदी रेडिओवर चालणाऱ्या शर्यती मोटारीतही, पुढची चाके वळवून दिशा बदलतात. छकड्याचा आस मात्र पक्का असतो. त्याला वळणारे चाकच नसते. दिशा ठरते ती दोन बैलांच्या वेगातील फरकावरून. उजवा बैल मागे पडला की जू तिरके होते आणि गाडी उजवीकडे ओढली जाते. त्यामुळे धावपट्टी सरळ असली तरी ती सरळ पार करणे हेच खरे कौशल्य होय. एक बैल चपळ व दुसरा मंद अशी जोडी भरकटते, शेजारच्या पट्टीत किंवा प्रेक्षकांत घुसते. जोडी जुळवताना उंची, पावलाची लांबी आणि सुटण्याची तडफ पाहतात ती याचसाठी.

धावताना धुरकऱ्याच्या हाती कासरा असतो. तो वेसणीला जोडलेला असल्याने किंचित ओढही बैलाला जाणवते. जोराने ओढल्यास बैल मान वळवतो आणि वेग मोडतो. धुरकऱ्याच्या शरीराचा भारही महत्त्वाचा असतो. तो मागे सरकला तर गाडी उलाळ होऊन जू वर उचलले जाते, फार पुढे आला तर भार बैलांच्या मानेवर येतो.

कायदा

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली. राज्याच्या नियमांनुसार काठी, चाबूक वा विजेचा झटका देणारे साधन वापरता येत नाही आणि धाव १,००० मीटरपेक्षा लांब असू शकत नाही. पूर्वी मागे पडणाऱ्या बैलाला टोचून जोडीबरोबर आणण्याची वाईट रीत होती. ती वर्ज्य झाल्याने विजोड जोडीचा दोष आता पटावर झाकता येत नाही. तो सरावातच, कासरा आणि ओळखीच्या हाळीने, दूर करावा लागतो.