अर्ध्या इंचाची कूलर लाइन

सकाळी ७. नारायण पेठेत मोदी गणपतीजवळ आमची खोली. काल उतरवलेली फिटिंग्ज डिझेलने धुऊन टेबलावर मांडली आहेत. डंपर तिकडे वाघोलीला, खडी क्रशरवर. गिअरबॉक्स अ‍ॅलिसनचा ऑटोमॅटिक, आणि कूलर लाइनच्या तोंडाशी सतत पाझर. आधीच्या कुणीतरी आवळून आवळून नटाच्या कडा गोल करून ठेवल्यात.

७.३०. व्हर्नियर लावला. अडॅप्टरचा बाहेरचा व्यास १९ मिमी, आटे इंचाला १६, म्हणजे ३/४-१६. एवढं कळलं की बहुतेक जण दुकान गाठतात. पण हेच आटे ३७ अंशांच्या शंकूच्या जेआयसी फिटिंगला असतात आणि ४५ अंशांच्या फ्लेअरलाही. नट दोन्हींवर चढतो, बोटांनी सरसर फिरतो. तेल मात्र आट्यांनी अडत नाही; शंकू सीटवर सगळीकडून टेकला तरच अडतं. भिंगाखाली धरलं. शंकूवर चकचकीत पट्टा उमटायला हवा होता, दिसली ती अरुंद टोकाशी केसाएवढी रेघ. अडॅप्टर ३७चा, होजचा नट ४५चा. पाना कितीही लांब घेतला असता तरी हे गळणारच होतं.

१०.३०. नाना पेठेतलं दुकान. अडॅप्टरचं कूलरच्या टाकीत जाणारं दुसरं टोक टेपर आट्याचं, अर्ध्या इंचाचं. इथेही तीच गत: एनपीटी आणि बीएसपी, अर्ध्या इंचाला दोन्हींचे आटे इंचाला १४, फरक आट्याच्या कोनात, ६० आणि ५५. गेज टेकवून एनपीटीच मागितलं.

"मिस्त्री, असलेलंच न्या की. टेप गुंडाळा, बसतंय."

"नाही शेठ. टेपचा तुकडा सुटला तर व्हॉल्व्ह बॉडीत जाऊन बसेल."

गिअरबॉक्सच्या लाइनवर मी टेफ्लॉन टेप वापरत नाही. टेपर आट्याला पातळ सीलंट, तोही पहिला आटा कोरडा ठेवून. शंकूच्या जोडाला काहीच नाही. होज घेताना तापमान विचारलं. साधा हायड्रॉलिक होज १०० अंश सेल्सिअसचा असतो. भरलेली गाडी चढावर रांगते तेव्हा कन्व्हर्टरमधून कूलरकडे येणारं तेल त्याच्या पुढे जातं. जास्त तापमानाचा घेतला आणि दोन्ही टोकांना ३७चे नट समोर उभं राहून क्रिंप करून घेतले.

दुपारी १. वाघोली. आधी कूलर फ्लश केला. मग होज: पीळ न देता, इंजिन हलेल तेवढी ढील ठेवून, एक्झॉस्टपासून लांब क्लॅम्प केला. नट हाताने पूर्ण बसवला, नट आणि अडॅप्टर दोन्हींवर मार्करची एक रेघ ओढली. आता दोन पाने. एकाने अडॅप्टर धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. नाहीतर सगळा पीळ अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीवर जातो आणि तिला तडा जातो. नट किती फिरला ते रेघ दाखवते, मनगटाच्या अंदाजाचं काम उरत नाही.

४. इंजिन चालू. तेल थंड असताना लेव्हल फक्त चालवण्यापुरती बघितली. खरी लेव्हल तेल ७१ ते ९३ अंशांवर आल्यावर, गाडी सपाटीला, न्यूट्रलमध्ये. अर्धा लिटर टाकावं लागलं.

५.३०. ड्रायव्हरदादांनी भरलेली गाडी चढावरून दोनदा फिरवली. जोडाभोवती पांढरं फडकं फिरवलं, कोरडं निघालं. कूलरशेजारी पत्र्याचा बिल्ला तारेने बांधला: ३/४-१६, जेआयसी ३७ अंश, टाकीकडे १/२ एनपीटी. पुढच्या मिस्त्रीला नाना पेठेत नेमकं काय मागायचं ते त्यावर आहे. तेच बिलावरही लिहिलं आणि निघालो.