'अ‍ॅमिलॉइड' : संज्ञा, रंजक आणि निदान

वैद्यकातील काही संज्ञा वस्तूचे स्वरूप सांगत नाहीत. ती प्रथम कोणत्या परीक्षेने ओळखली गेली, एवढेच सांगतात. 'अ‍ॅमिलॉइड' म्हणजे पिष्टसदृश, ही त्यांपैकीच एक होय. १८५४ साली रूडोल्फ फिर्खो यांनी ऊतकांत साचलेल्या एका द्रव्यावर आयोडीन व सल्फ्यूरिक अम्ल यांची क्रिया केली आणि उमटलेल्या रंगावरून त्यास हे नाव दिले. १८५९ साली फ्रीडराइख व केकूले यांनी ते पिष्ट नसून प्रथिनजातीचे असल्याचे दाखविले. नाव मात्र टिकून राहिले.

१९२२ साली बेनहोल्ड यांनी कापड रंगविण्याचा काँगो रेड हा रंजक या द्रव्यास धरून राहतो, असे दाखवून दिले. पुढे १९२७ साली दिव्री यांना असे आढळले की, रंजित छेद ध्रुवित प्रकाशात हिरवा दिसतो. ही हिरवी झाक आजही निदानाची मुख्य खूण आहे. परंतु ती तंतूंच्या सुव्यवस्थित रचनेची खूण आहे, विशिष्ट प्रथिनाची नव्हे. आणि असे तंतू मानवी शरीरात चाळीसहून अधिक प्रथिनांपासून बनू शकतात.

हा भेद रुग्णाच्या दृष्टीने निर्णायक ठरतो. अस्थिमज्जेतील पेशींनी निर्माण केलेल्या प्रतिपिंडांच्या हलक्या साखळ्या साचल्या असतील, तर त्या पेशींवर रसायनोपचार करावा लागतो. मुख्यतः यकृतात तयार होणारे ट्रान्सथायरेटिन साचले असेल, तर तोच उपचार निरुपयोगी व अपायकारक होय. हृदयाच्या छेदात दोन्ही विकार काँगो रेडने सारखेच रंगतात.

रंजनानेच प्रकार ओळखण्याचा एक प्रयत्न १९७७ साली पुढे आला. छेदावर आधी पोटॅशियम परमँगनेटची क्रिया केली असता दीर्घकालीन दाहातून उद्भवणारा 'एए' प्रकार काँगो रेड घेईनासा होतो. हलक्या साखळ्यांचा प्रकार घेत राहतो. परंतु ट्रान्सथायरेटिनही तसेच टिकते. म्हणून आज विशिष्ट प्रथिनास चिकटणारी प्रतिपिंडे वापरतात, किंवा छेदातील साचलेला भाग वेगळा काढून द्रव्यमान वर्णपटविज्ञानाने त्यातील प्रथिने ओळखतात.

आजच्या 'एएल', 'एटीटीआर' या संज्ञांत हा सारा क्रम गोठलेला आहे. पहिले अक्षर 'ए' अ‍ॅमिलॉइडचे. ते काँगो रेडवरून लिहिता येते. पुढची अक्षरे प्रथिनाची. ती लिहिण्यास दुसरा पुरावा लागतो. उपचार ठरतो तो या पुढच्या अक्षरांवरून.