बिघाड गाडीत, पुराव्याचा भार ग्राहकावर

चंडीगडच्या औद्योगिक क्षेत्रात मोटारविक्रेत्यांची दालने आणि सर्व्हिस सेंटरे यांची रांग आहे. राज्य ग्राहक आयोगाचे कार्यालय तेथून फार दूर नाही; ते मध्य मार्गावर, सेक्टर 19 मध्ये आहे. नवी गाडी पुन्हा पुन्हा बंद पडू लागली की कर्जाचे हप्ते भरणारा मालक आधी पहिल्या ठिकाणी खेटे घालतो आणि शेवटी दुसऱ्या ठिकाणी पोहोचतो. मोहालीत खरेदी, पंचकुल्यात दुरुस्ती आणि चंडीगडमध्ये घर, अशी स्थिती असेल तर पूर्वी तक्रार कोठे करायची यावरच वाद होई. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या ठिकाणी दाद मागण्याची मुभा देऊन तो मिटवला, हे मान्य केले पाहिजे.

खरी अडचण त्यापुढे सुरू होते. आयोगापुढचा प्रश्न गाडी बिघडते की नाही हा नसतो. बिघाड मूळ उत्पादनातला आहे की नाही, हा असतो. इंधन भेसळीचे होते, गाडी नीट हाताळली नाही, सर्व्हिसिंग वेळेवर केले नाही, ही कंपन्यांची ठरलेली उत्तरे. साध्या पाहणीने दोष ठरत नसेल, तर कलम 38 नुसार तपासणी करावी लागते आणि तिचे शुल्क आधी तक्रारदाराने भरायचे असते. चंडीगडकरांचे नशीब असे की, सेक्टर 12 मध्ये पंजाब इंजिनिअरिंग कॉलेज आहे; अनेक प्रकरणांत तेथील प्राध्यापकांनी गाड्या तपासून अहवाल दिले आहेत. हिंगोली किंवा गडचिरोलीच्या ग्राहकाने असा तज्ज्ञ कोठे शोधावा? शिवाय अधूनमधून उद्भवणारा दोष नेमका तपासणीच्या दिवशी दडी मारतो.

दोष मान्य झाला तरी नवी गाडी मिळेलच असे नाही. मारुती उद्योगाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये म्हटले की, वॉरंटीतील वचन सदोष भाग दुरुस्त करण्याचे किंवा बदलण्याचे आहे. त्यामुळे संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश टिकत नाही. कराराच्या भाषेत हे तर्कशुद्ध आहे. परंतु तो करार लिहितो कोण? ग्राहक फक्त सही करतो.

नव्या कायद्यातील ‘उत्पादन दायित्वा’च्या प्रकरणाचा मोठा गाजावाजा झाला. त्यात ‘हानी’ची व्याख्या करताना मात्र खुद्द वस्तूला झालेली हानी वगळली आहे. सदोष ब्रेकमुळे कोणी जखमी झाल्यास हे प्रकरण उपयोगी पडते. गाडी नुसतीच वर्कशॉपमध्ये पडून राहिली, तर नाही. विक्रेता आणि उत्पादक यांची जबाबदारीही वेगळी धरली जाते. 2009 ची गाडी 2011 मध्ये नवी म्हणून विकल्याच्या गोव्यातील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये विक्रेत्याच्या कृत्याबद्दल टाटा मोटर्सला जबाबदार धरले नाही. त्या कृत्याची कंपनीला माहिती होती, हे सिद्ध झाले नव्हते.

अमेरिकेत अशा गाडीला ‘लेमन’ म्हणजे लिंबू म्हणतात. 1982 मध्ये कनेक्टिकट राज्याने त्यावर कायदा केला आणि पुढे इतर राज्यांनी तो मार्ग धरला. ठरावीक काळात एकाच दोषासाठी चार वेळा दुरुस्ती झाली, किंवा गाडी एकूण तीस दिवस वर्कशॉपमध्ये राहिली, तर पुरेशी संधी देऊन झाली असे कायदाच गृहीत धरतो. तेथे जॉबकार्डेच पुरावा ठरतात.

आपल्याकडे 1 एप्रिल 2021 पासून वाहने परत मागवण्याचे नियम लागू आहेत. पण ते सुरक्षिततेशी संबंधित दोषांपुरते, सात वर्षांपर्यंतच्या वाहनांसाठी आणि अनेकांच्या तक्रारी जमल्यावर उपयोगी पडणारे आहेत. एकट्या ग्राहकासाठी कलम 38 मध्ये गृहीतकाची एक तरतूद पुरेल: ठरावीक फेऱ्यांनंतर दोष उत्पादनातला नाही, हे कंपनीने सिद्ध करावे आणि तपासणीचा खर्चही तिनेच उचलावा. तोवर प्रत्येक फेरीचे जॉबकार्ड तक्रारीच्या नेमक्या शब्दांसह मागून घ्यावे, विक्रेता व उत्पादक दोघांनाही प्रतिवादी करावे आणि तक्रारीसाठी कायद्याने दिलेली दोन वर्षांची मुदत ‘पुढच्या वेळी नक्की होईल’ या आश्वासनावर घालवू नये.